जुलैमध्ये जमिनीवरचा वारा उलटा असतो, मग सहाराची धूळ पश्चिमेला जाते कशी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीच्या वाऱ्यांच्या नकाशावर सहारावरून नैर्ऋत्येकडे जाणारे बाण दिसतात, त्यामुळे त्या दिवसांत धूळ अटलांटिककडे जात असणार हे पटते. जुलैच्या नकाशावर मात्र पश्चिम आफ्रिकेत बाण नेमके उलटे, समुद्राकडून जमिनीकडे वळलेले असतात, आणि तरीही कॅरिबियन बेटांवर सर्वाधिक धूळ याच काळात पोहोचते. हे कसे होते, धुळीचे एखादे वार्षिक वेळापत्रक मांडता येते का, आणि एखाद्या दिवशी धूळ कोणत्या वाटेने जाईल हे नकाशावरून कसे ओळखावे, अशा तीन गोष्टी आपण विचारल्या आहेत.

उपग्रहांच्या प्रतिमा आणि वाऱ्यांचे नकाशे समोर ठेवून धुळीचा अंदाज वर्तवण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि सुरुवातीला मीही याच ठिकाणी अडखळलो होतो. आपला नकाशा चुकलेला नाही. तो जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा वारा दाखवतो आणि धुळीचा लांबचा प्रवास त्या उंचीवर होत नाही, एवढेच. म्हणून खरा प्रश्न असा मांडावा लागतो: धूळ ज्या उंचीवर आहे तिथला वारा कोणत्या दिशेचा आहे, आणि मुळात ती त्या उंचीवर पोहोचली कशी? यातला दुसरा भाग बहुतेकदा सोडून दिला जातो, पण ऋतूंचे सारे गणित त्यातच दडलेले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पुढे मी महिन्यांची जी नावे घेणार आहे, ती अनेक वर्षांच्या सरासरीची आहेत. एखाद्या वर्षी पाऊस कसा पडला, जमिनीवर गवत किती राहिले, हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरील दाबाची मांडणी कशी होती, यांवर त्या वर्षीची धूळ अवलंबून असते. सहाराच्या दक्षिण कडेला लागून असलेल्या साहेल पट्ट्यात १९७० आणि १९८० च्या दशकांत मोठे दुष्काळ पडले, तेव्हा बार्बाडोस बेटावर मोजली जाणारी धूळ कितीतरी वाढली होती. वाऱ्यांची वाट तीच होती, पण उगमाची जमीन बदलली होती.

आधी धूळ उठते कशी ते पाहू. सर्वांत बारीक कण सर्वांत आधी उडत असतील असे वाटणे साहजिक आहे, पण तसे होत नाही. एक-दोन मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण एकमेकांना आणि मोठ्या कणांना इतके घट्ट चिकटलेले असतात की नुसत्या वाऱ्याला ते सुटत नाहीत. उलट, जाड वाळू तिच्या वजनामुळे जागची हलत नाही. सर्वांत सहज हलतात ते मधले, साधारण ७० ते १०० मायक्रोमीटरचे कण. वाऱ्याचा वेग सेकंदाला ६-७ मीटरच्या पुढे गेला की हे कण उचलले जातात, थोडी उंच उडी घेतात आणि तिरपे येऊन जमिनीवर आदळतात. त्या माऱ्याने जमिनीची पापडी फुटते आणि तिच्यात अडकलेली खरी धूळ मोकळी होऊन वर उसळते. वाळूच्या या उड्यांचे गणित रॅल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने मांडले. लिबियाच्या वाळवंटातली भटकंती आणि वातबोगद्यातले प्रयोग यांवर आधारलेले त्याचे पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही आमच्या कामाची सुरुवात त्याच्या समीकरणांपासूनच होते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की एकदा ही मर्यादा ओलांडली की उठणारी धूळ वाऱ्याच्या वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर धूळ जवळजवळ आठपट होते. त्यामुळे महिन्याच्या सरासरी वाऱ्याला फारसा अर्थ उरत नाही. महिन्याची बहुतेक धूळ मोजक्या काही तासांच्या झोतांतून उठलेली असते. दुसरी गोष्ट अशी की धुळीचा मुख्य उगम वाळूच्या टेकड्यांत नसतो. टेकड्यांतली बारीक माती वाऱ्याने केव्हाच उपसून नेलेली असते. धूळ येते ती सुकलेल्या तळ्यांच्या तळांवरून, कोरड्या नद्यांच्या मुखांवरून, पावसाच्या पाण्याने गाळ आणून पसरलेल्या सखल भागांवरून.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे चाड देशातला बोडेले हा सखल प्रदेश. काही हजार वर्षांपूर्वी इथे एक विशाल सरोवर होते. आजचे चाड सरोवर हा त्याचा छोटासा अवशेष आहे. त्या सरोवरातल्या डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची सिलिकायुक्त कवचे तळाशी साचत गेली आणि पाणी आटल्यावर पांढुरका, हलका, बोटांत चुरगळणारा थर उघडा पडला. या प्रदेशाच्या ईशान्येला तिबेस्ती आणि एनेदी हे दोन डोंगराळ भाग आहेत आणि त्यांच्यामधली खिंड ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्याला नरसाळ्यासारखी आवळते. जगात एवढ्याशा जागेतून इतकी धूळ उठणारे दुसरे ठिकाण नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बोडेलेच्या धुळीत कवचांचे जाळीदार तुकडे दिसतात, आणि तसेच तुकडे महासागराच्या पलीकडच्या धुळीत सापडले की तिचा माग लागतो.

बोडेलेच्या प्रतिमा मी तासातासाने पाहत असे, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायची. रात्रभर जमिनीवर वारा मंद असतो आणि प्रतिमा स्वच्छ असते. सूर्य उगवल्यावर तासा-दोन तासांत खिंडीच्या तोंडाशी एक बारीक रेघ उमटते आणि सकाळ संपेपर्यंत तिचा पंख्यासारखा पसरलेला लोट होतो. कारण असे की रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन बसते आणि काही शे मीटर वरचा वारा जमिनीच्या घर्षणातून सुटून वेगाने धावू लागतो. सकाळी जमीन तापून हवा ढवळली गेली की वरचा हा साठलेला वेग खाली उतरतो आणि पापडीवर आदळतो. धुळीची वेळ म्हणजे भर दुपार, असे अनेकांना वाटते. सहाराच्या बऱ्याच भागांत ती सकाळची असते. दिवसातून एकदाच, दुपारी सरकणाऱ्या उपग्रहाच्या प्रतिमेवर भिस्त ठेवली तर लोट दिसतो, पण तो उठला कुठून हे कळत नाही. मेटिओसॅट या स्थिर उपग्रहाच्या दर १०-१५ मिनिटांच्या अवरक्त प्रतिमा म्हणूनच मोलाच्या आहेत. त्यांत धूळ गडद गुलाबी रंगात दाखवली जाते, कारण साध्या दृश्य प्रकाशात पिवळ्या जमिनीवरची पिवळी धूळ ओळखूच येत नाही.

आता उंचीचे महत्त्व. शांत हवेत १ मायक्रोमीटर व्यासाचा खनिज कण दिवसाला जेमतेम ७ मीटर खाली येतो. १० मायक्रोमीटरचा कण दिवसाला साधारण ७०० मीटर उतरतो आणि २० मायक्रोमीटरचा पावणेतीन किलोमीटर, कारण पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून बार्बाडोसपर्यंतचे अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर आहे. सेकंदाला ९ मीटर वेगाच्या वाऱ्याला ते कापायला पावणेसहा दिवस लागतात आणि तेवढ्या वेळात १० मायक्रोमीटरचा कण चार किलोमीटर खाली आलेला असतो. म्हणजे तो पाच किलोमीटर उंचीवरून निघाला असेल तर पोहोचेल, एक किलोमीटरवरून निघाला असेल तर वाटेतच समुद्रात बुडेल. प्रत्यक्षात हवा शांत नसते आणि या हिशेबात बसणार नाहीत इतके मोठे कणही महासागरात दूरवर सापडलेले आहेत, पण ढोबळ चित्र यावरून उभे राहते: धूळ किती दूर जाईल हे वाऱ्याच्या वेगाइतकेच ती किती उंच चढली यावर ठरते, आणि ती किती उंच चढेल हे ऋतू ठरवतो.

हिवाळ्याची वाट सोपी आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ईशान्येकडून येणारे कोरडे व्यापारी वारे सहारावरून गिनीच्या आखातापर्यंत वाहतात. पश्चिम आफ्रिकेत त्यांना हरमॅटन म्हणतात. वाळवंटातली हवा या दिवसांत थंड असते, जमीन फारशी तापत नाही, म्हणून धूळ ढवळली जाते ती बहुतांशी दोन-तीन किलोमीटरपर्यंतच. ती खालच्या खाली नैर्ऋत्येकडे सरकते आणि विषुववृत्ताच्या थोड्या उत्तरेकडून महासागरात शिरते. हा तळचा प्रवास किती तळचा असतो, याची एक जुनी नोंद आहे. जानेवारी १८३२ मध्ये केप व्हर्दे बेटांजवळ असताना चार्ल्स डार्विनने बीगल जहाजावर पडलेली तांबूस बारीक धूळ गोळा केली होती आणि तिचा एक नमुना डोलकाठीच्या टोकावरच्या वातदर्शकाच्या जाळीदार कापडावर अडकलेला होता. म्हणजे धूळ शब्दशः शिडांच्या उंचीवरून चालली होती. पुढे एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने त्या नमुन्यांत सूक्ष्मजीवांची कवचे ओळखली.

उन्हाळ्यात सगळा डाव बदलतो. दक्षिणेकडून येणारी दमट मोसमी हवा आणि उत्तरेकडची कोरडी वाळवंटी हवा यांची सीमा जानेवारीत गिनीच्या किनाऱ्याजवळ असते. ती सूर्याच्या मागोमाग उत्तरेला सरकत ऑगस्टपर्यंत जवळजवळ २० अंश उत्तर अक्षांशापर्यंत जाते. आपल्याला जुलैच्या नकाशावर दिसलेले उलटे बाण म्हणजे हीच मोसमी हवा. पण ती पाचरीसारखी आहे: समुद्राकडे जाड आणि उत्तरेकडे पातळ होत गेलेली. तिच्यावर वाळवंटाची तापलेली, कोरडी, धुळकट हवा पसरलेली असते. म्हणजे एकाच गावावर, एकाच वेळी, खाली नैर्ऋत्येचा वारा आणि वर पूर्वेचा वारा अशी स्थिती असते आणि १० मीटरच्या नकाशात त्यातला खालचाच तेवढा येतो.

वर पूर्वेचा वारा का, हे थोडे सावकाश समजून घेण्यासारखे आहे. माली, मॉरिटानिया आणि दक्षिण अल्जीरिया या भागांत उन्हाळ्यात जमीन इतकी तापते की तिच्यावरची हवा पाच-सहा किलोमीटर उंचीपर्यंत ढवळली जाते. जगातल्या सर्वांत खोल ढवळलेल्या थरांपैकी हा एक आहे. तापलेल्या हवेचा हा स्तंभ फुगतो. हवा हलकी झाल्यामुळे जमिनीवर दाब कमी होतो, म्हणूनच तिथे उष्णतेमुळे तयार झालेला कमी दाबाचा प्रदेश असतो आणि मोसमी हवा त्याच्याकडे ओढली जाते. पण फुगलेल्या स्तंभात दाब उंचीनुसार सावकाश घटतो. परिणामी चार-पाच किलोमीटर उंचीवर गेल्यास त्याच ठिकाणी भोवतालच्या हवेपेक्षा दाब जास्त आढळतो. खाली कमी दाब आणि त्याच्याच डोक्यावर जास्त दाब, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते, पण तापलेल्या वाळवंटाचे ते लक्षणच आहे. उत्तर गोलार्धात जास्त दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणून या प्रदेशाच्या दक्षिण अंगाला ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. तीन-चार किलोमीटर उंचीवरचा हा पट्टा आफ्रिकेचा पूर्वीय झोतवारा म्हणून ओळखला जातो. पश्चिम अंगाला हेच वारे उत्तरेकडे वळतात आणि उन्हाळ्यात स्पेन व पश्चिम भूमध्य समुद्रावर जी धूळ येते ती या वळणावरून गेलेली असते.

धूळ या झोतापर्यंत चढवण्याचे काम दोन गोष्टी करतात. एक म्हणजे वर सांगितलेली खोल ढवळण. दुसरी म्हणजे साहेलच्या वादळी ढगांतून कोसळणारी थंड हवा. पाऊस पडताना थेंब वाटेत सुकतात, हवा गार होऊन जड होते, खाली आपटते आणि जमिनीला चिकटून चहूकडे पसरते. तिच्या पुढच्या कडेवर धुळीची भिंत उभी राहते. सुदानमध्ये हिला हबूब म्हणतात. या भिंतीची उंची दीडेक किलोमीटर भरू शकते आणि दुसऱ्या दिवशी तापलेली जमीन तीच धूळ आणखी वर नेते. दुर्दैवाने हबूब वादळी ढगांच्या आच्छादनाखालीच जन्मतो, त्यामुळे उपग्रहाच्या नजरेतून त्याची सुरुवात हमखास निसटते.

ही धुळकट हवा किनारा ओलांडते तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट घडते. समुद्रावरची हवा थंड आणि जड असते, म्हणून ती वाळवंटी हवेच्या खाली घुसते आणि गरम थर तिच्यावर तरंगत पुढे जातो. या थराचा तळ साधारण दीड किलोमीटरवर आणि माथा पाच-सहा किलोमीटरवर असतो. खाली गार आणि वर गरम अशी रचना असली की हवा ढवळली जात नाही. त्यामुळे तळाशी जणू झाकण बसते आणि धूळ खाली मिसळत नाही. टोबी कार्लसन आणि जोसेफ प्रॉस्पेरो यांनी १९७२ मध्ये या थराचे वर्णन केले आणि आज तो सहाराचा हवाथर म्हणून ओळखला जातो. उन्हाळ्यात आफ्रिकेजवळच्या समुद्रातून जहाज गेले तर डेकवर फारशी धूळ नाही आणि डोक्यावर मात्र आभाळ पिठासारखे पांढुरके, असे होऊ शकते. डार्विनच्या जानेवारीच्या अनुभवाच्या हे नेमके उलटे आहे. थर पश्चिमेकडे सरकत असताना त्याचा माथा खाली उतरतो, समुद्रावरचा ढवळता थर वर चढतो आणि कॅरिबियनपर्यंत धूळ हळूहळू जमिनीच्या पातळीवर येते. जून २०२० मध्ये असाच एक अतिशय दाट लोट कॅरिबियन समुद्र ओलांडून अमेरिकेच्या आग्नेय राज्यांपर्यंत गेला होता.

या दोन वाटांचा पुरावा मला सर्वांत जास्त आवडतो, कारण तो समजायला सोपा आहे. बार्बाडोसच्या पूर्व किनाऱ्यावर प्रॉस्पेरो यांनी १९६५ मध्ये धुळीची मोजणी सुरू केली; समुद्रावरून येणारी हवा गाळून त्या गाळणीवर काय अडकले ते पाहायचे, एवढीच मूळ कल्पना. उन्हाळ्यात पांढरी गाळणी तांबूस-तपकिरी होऊन निघते. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर फ्रेंच गयानातल्या कायेन इथेही अशी मोजणी झाली आहे. बार्बाडोसला धुळीचा कळस जून ते ऑगस्टमध्ये येतो, कायेनला जानेवारी ते एप्रिलमध्ये. दोन ठिकाणांत अक्षांशाचा फरक आठ-नऊ अंशांचाच आहे, पण पावसाचा पट्टा जिकडे सरकतो तिकडे धुळीची वाट सरकते आणि त्या पट्ट्यात शिरलेली धूळ पावसाने धुऊन निघते. कॅलिप्सो या उपग्रहावरच्या लेझर उपकरणाने २००६ पासून २०२३ पर्यंत धुळीची उंची मोजली. त्यातल्या २००७ ते २०१३ या वर्षांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा की वर्षाला सुमारे १८ कोटी टन धूळ आफ्रिकेचा पश्चिम किनारा ओलांडते आणि त्यातली पावणेतीन कोटी टनांच्या आसपास ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते. त्या धुळीतून वर्षाला साधारण २२ हजार टन फॉस्फरस त्या जंगलाला मिळतो.

आतापर्यंतचे सांगणे एवढेच: हिवाळ्यात वारा आणि धूळ दोन्ही खाली असतात, म्हणून आपला नकाशा खरा वाटतो, उन्हाळ्यात धूळ वरच्या मजल्यावर जाते आणि नकाशा खालच्याच मजल्याचा राहतो.

सहाराबाहेरही याच पद्धतीने विचार करावा लागतो, पण उत्तरे वेगळी येतात. गोबीच्या वाळवंटावर हिवाळ्यात सायबेरियाच्या जास्त दाबामुळे जोरदार थंड वारे असतात, तरी धुळीचा हंगाम मार्च ते मे असा आहे. हिवाळ्यात तिथली जमीन गोठलेली, जागोजागी बर्फाने झाकलेली असते. वसंतात बर्फ वितळते, माती सुकते, गवत अजून उगवलेले नसते आणि नेमक्या त्याच वेळी मंगोलियावरून जाणारी चक्रीय वादळे जोरात असतात. उन्हाळ्यात पाऊस आणि हिरवळ आली की धूळ बसते. शीतसीमेमागून, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेच्या कडेमागून, धावणारी ही धूळ तुलनेने खालूनच कोरिया आणि जपानकडे जाते. शेजारच्या तकलामाकान वाळवंटाची गोष्ट निराळी आहे. तिएनशान आणि कुनलुन पर्वतांनी वेढलेल्या या खोलगट भागातून धुळीला सहज बाहेर पडता येत नाही. ती पाच किलोमीटरहून वर चढली तरच पश्चिमी वाऱ्यांच्या हाती लागते, पण एकदा लागली की फार दूर जाते. मे २००७ मध्ये तकलामाकानवरून उठलेली धूळ आठ-दहा किलोमीटर उंचीवरून १३ दिवसांत पृथ्वीची एक पूर्ण फेरी करून आल्याचे उपग्रहाच्या नोंदींतून दिसले आहे.

अरबस्तानात उन्हाळ्याचा मुख्य वारा शमाल. इराण आणि पाकिस्तानवरचा उष्णतेचा कमी दाब आणि पश्चिमेकडचा जास्त दाब यांच्यामध्ये वायव्येचा हा वारा टायग्रिस-युफ्रेटिसच्या मैदानावरून आखाताकडे वाहतो आणि जून-जुलैत सर्वांत जोरात असतो. इराण-अफगाणिस्तान सीमेवरच्या सिस्तानमध्ये तर वाऱ्याचे नावच १२० दिवसांचा वारा असे आहे. हामुन सरोवरे सुकलेली असतील त्या वर्षी त्याचे रूप भयंकर असते. आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट मात्र अरबी समुद्रावर दिसते. जुलैत तिथे पृष्ठभागालगत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा प्रचंड झोत असतो आणि समुद्राच्या पश्चिम भागात त्याच्या वर अरबस्तानातून आलेली कोरडी, धुळकट, वायव्येची हवा पसरलेली असते. साहेलमधला दुमजली वारा इथे समुद्रावर पाहायला मिळतो.

भूमध्य समुद्रावरची धूळ कोणत्याही कायम वाऱ्याची नसून फिरत्या कमी दाबांची आहे. वसंतात ही वादळे आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याने पूर्वेकडे सरकतात आणि त्यांच्या पुढच्या अंगाला वाळवंटाची गरम हवा उत्तरेकडे ओढली जाते. इजिप्तमधला खमसिन हा त्यातलाच. ऑस्ट्रेलियात शीतसीमांपुढून आणि मागून धूळ निघते. २३ सप्टेंबर २००९ रोजी सिडनीची पहाट लाल करणारी धूळ तशीच आली होती.

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती आपल्या तिसऱ्या प्रश्नाशी जोडलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका किनारी केंद्रासाठी मी हवेचा उलटा मागोवा काढला, म्हणजे आज इथे असलेली हवा गेल्या तीन दिवसांत कुठून आली याची रेषा संगणकाकडून काढून घेतली. उंची निवडली ५०० मीटर. रेषा तिन्ही दिवस स्वच्छ समुद्रावरून फिरून आली, म्हणून मी धूळ नाही असे लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी आकाश दुधाळ झाले, सूर्याकडे डोळे न दिपता पाहता येऊ लागले आणि संध्याकाळी पावसाचे चार थेंब पडले. उभ्या मोटारींच्या काचांवर ते थेंब सुकले तेव्हा प्रत्येकाच्या जागी तपकिरी कडेचे वर्तुळ उरले होते. बोटाने पुसले तर फुफाट्यासारखे मऊ लागत होते. लेझर उपकरणाची नोंद काढून पाहिली, तर धूळ अडीच ते चार किलोमीटरच्या दरम्यान होती. मग ३,००० मीटरवरून पुन्हा मागोवा काढला आणि रेषा दोन दिवसांत थेट वाळवंटात जाऊन पोहोचली. तेव्हापासून मी एकाच उंचीवरून मागोवा कधीच काढत नाही. ५००, १,५०० आणि ३,००० मीटर अशा तीन रेषा काढतो आणि त्या वेगवेगळ्या दिशांना गेल्या तर धूळ कोणत्या उंचीवर आहे हे कळेपर्यंत अंदाज लिहीत नाही.

आपल्याला घरबसल्या हेच करता येईल. वाऱ्यांचे बहुतेक नकाशे उंची बदलण्याची सोय देतात, पण ती उंची हेक्टोपास्कलमध्ये, म्हणजे दाबात दिलेली असते: ९२५ म्हणजे साधारण पाऊण किलोमीटर, ८५० म्हणजे दीड, ७०० म्हणजे तीन आणि ५०० म्हणजे साडेपाच किलोमीटर. हरमॅटनच्या दिवसांत ९२५ आणि ८५० पाहावे, उन्हाळ्यातल्या सहारासाठी ७००, आणि तकलामाकानसाठी ५०० किंवा त्याहून वर. मग उगमाच्या प्रदेशात आदल्या दोन-तीन दिवसांत जमिनीवरचा वारा सेकंदाला ७ मीटरच्या पुढे गेला होता का, तेही सकाळच्या तासांत, ते तपासावे. इथे मात्र १० मीटरचाच नकाशा कामाचा. शेवटी वाटेवर पाऊस आहे का ते पाहावे, कारण पावसाच्या मोठ्या पट्ट्यातून धूळ क्वचितच पार होते. प्रत्यक्ष धुळीच्या अंदाजासाठी जागतिक हवामान संघटनेची २००७ मध्ये सुरू झालेली वाळू-धूळ वादळ इशारा योजना आहे आणि तिचे उत्तर आफ्रिका व युरोपसाठीचे काम बार्सिलोनाहून चालते. आपला निष्कर्ष त्या नकाशांशी ताडून पाहता येईल.

जुलैचा आपला तोच नकाशा पुन्हा उघडावा, तारीख तीच ठेवावी आणि उंची तेवढी १० मीटरवरून ७०० हेक्टोपास्कलवर न्यावी. साहेलमध्ये १५ अंश उत्तर अक्षांशाजवळ ईशान्येकडे वळलेले जे बाण आपल्याला खटकले होते, त्यांच्या जागी आफ्रिकेतून अटलांटिककडे जाणारे बाण दिसतील.